टिपरच्या दारावरची नावे

बाबाजी च्यारीला किळस फार. डिचोलीत कोणीही त्याच्याविषयी बोलायला लागला की आधी हेच सांगतो. तो रंगारी होता, ट्रकांवर नावे घालायचा आणि आता हातभर लांबीच्या गाड्या बनवतो, ही माहिती मागाहून येते. चहाच्या गाड्यावर गेला तर ग्लास उजेडाकडे धरून पाहतो. कोणी बोटाला थुंकी लावून कागद उलटला तर तो कागद हातात घेत नाही. लग्नात पंगतीला बसावेच लागले तर शेजारच्याचे पान दिसू नये म्हणून मान खाली घालून जेवतो आणि सगळ्यांच्या आधी हात धुवायला उठतो. त्याची बायको ज्योती म्हणते, सत्तावीस वर्षे झाली, अजून हा माणूस माझ्या हातची कढीसुद्धा वास घेऊन पितो.

असा माणूस उभी हयात खाणीच्या धुळीत, थिनरच्या वासात आणि ग्रीसच्या चिकट्यात राहिला. खाणी चालू होत्या तेव्हा डिचोलीच्या बाहेर रस्त्याला लागून एक गॅरेज होते, तिथे तो रंगकाम करायचा. खनिज भरलेले टिपर त्या रस्त्याने एकामागून एक जेटीकडे जायचे. रस्त्याकडेची झाडे तांबडी, दोरीवरचे कपडे तांबडे, माणसे नाक शिंकरत तेही तांबडे. कोणी नवीन टिपर घेतला की तो बाबाजीकडे यायचा. कपाळावर मालकाच्या देवाचे नाव, मागे नंबर, आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर, काचेच्या खाली, बारीक अक्षरात ड्रायव्हरचे नाव. हे शेवटचे काम मालक सांगत नसत. ड्रायव्हर हळूच येऊन सांगायचे आणि बाबाजी ते फुकट करून द्यायचा. अट एकच होती. दारावर पानाच्या पिंका असत, कधी त्याहून वाईट काही असे. बाबाजी दुरूनच सांगायचा, दार धुऊन आण, मग नाव.

धाकू परबला मात्र हे कधी सांगावे लागले नाही. धाकू पेडण्याकडचा. तिकडे घर, इकडे खाणीवर गाडी. त्याच्या टिपरचे दार नेहमी पुसलेले असायचे. कॅबिनमध्ये एक थर्मास असायचा आणि दुपारी तो गॅरेजच्या सावलीत येऊन बसला की थर्मासच्या झाकणात चहा ओतून आधी स्वतः अर्धा प्यायचा, मग झाकण बाबाजीकडे द्यायचा. बाबाजी ते तोंडाला लावायचा. दुसऱ्याचे उष्टे त्याने आयुष्यात एवढ्याच एका माणसाचे प्यायले असेल. ज्योतीला हे कोणीतरी सांगितले तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता.

मग खाणी बंद पडल्या. टिपर जिथे होते तिथे उभे राहिले. पहिल्या वर्षी त्यांच्या चाकांतून गवत वर आले, दुसऱ्या वर्षी हौद्यांत पाणी साचून बेडूक झाले. पुढे भंगारवाले आले आणि त्यांनी गॅस लावून गाड्या कापायला सुरुवात केली. एकदा बाबाजी रस्त्याने जात असताना त्याला कापलेल्या दारांची चळत दिसली. वरच्या दारावर त्याच्याच हातचे नाव होते आणि त्यावर एक कुत्रा पाय वर करून उभा होता. बाबाजी घरी आला आणि त्या दिवशी जेवला नाही. धाकू तोवर आजारीच होता. छाती भरायची, चार पावले चालला की उभा राहायचा. खाणी बंद पडल्यानंतर तिसऱ्या वर्षी तो गेला.

गाड्या बनवण्याचा नाद लागला तो याच सुमारास. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका फडक्यावर खेळण्यातल्या धातूच्या गाड्या मांडल्या होत्या. त्यांतली एक जीप त्याने उचलली. तिचा रंग बघून त्याला शिसारी आली. पावडर थापून उन्हात घाम आल्यावर चेहरा दिसतो तसा तो रंग होता, आणि दारांच्या फटी तर फटीच नव्हत्या, नुसत्या रेघा. एवढी किळस आली तर ठेवून द्यायची होती. पण त्याने ती घरी आणली, थिनरमध्ये बुडवून रंग सोलून काढला, दारे कानशीने मोकळी केली आणि खाणीवरच्या मॅनेजरची जीप जशी होती तशी ती करायला बसला. त्यात दीड महिना गेला. मडगार्ड सोड्याच्या डब्याच्या पत्र्याचे, आरसे गोळ्यांच्या पाकिटाच्या चंदेरी कागदाचे, टायर जुन्या रबरी चपलेच्या तळाचे. शेवटी त्याने खाणीच्या रस्त्यावरची माती आणली, मलमलच्या कपड्यातून तीनदा गाळली आणि फुंकर मारून गाडीवर बसवली. चाकांच्या मागे जास्त, दाराच्या मुठीजवळ, जिथे माणसाचा हात लागतो तिथे, कमी.

त्याची मुलगी शीतल डिचोलीतल्या एका औषधांच्या दुकानात कामाला आहे. गोळ्यांची रिकामी पाकिटे तीच आणून द्यायची. तिने जीपचे फोटो काढून फोनवर टाकले आणि माणसे विचारायला लागली. फोंड्याला असले छंद असणाऱ्या लोकांची बैठक होती, तिथे ती त्याला घेऊन गेली. तिथल्या माणसांकडे शेकड्यांनी गाड्या होत्या, पण सगळ्या बंद खोक्यांत. खोके उघडले की किंमत जाते म्हणे. एका गृहस्थांनी प्लास्टिकच्या आडून बाबाजीला एक लाल गाडी दाखवली आणि हात लावू नका म्हणाले. बाबाजी परत येताना शीतलला म्हणाला की बाटलीतला विंचू बघून आल्यासारखे वाटते.

दुसरे यायचे ते स्वतःच्या गाडीची प्रतिकृती करून मागणारे. त्यांच्या मागण्या ऐकून बाबाजीचे तोंड आंबट व्हायचे. चाके खऱ्याहून मोठी करा. पोचा आलाय तो दाखवू नका. रंग जरा महाग वाटेल असा द्या. त्याने अशा पाच-सहा गाड्या केल्या, आणि प्रत्येक गाडी देऊन झाल्यावर तो बाल्दीभर पाणी घेऊन कोपरापर्यंत हात धुवायचा.

मग परेश शेटगावकर आला. पेडण्याचा, चाळिशीचा, बोलण्यात नम्र माणूस. मोरजीला किनाऱ्याच्या रस्त्यावर त्याचे नवीन हॉटेल उघडायचे होते. उजेडासाठी जनेलाजवळ, खिडकीखाली मांडलेल्या मेजावर मॅनेजरची जीप ठेवलेली होती, तिला हात लावण्याआधी परेशने विचारले, हात कुठे धुवू? बाबाजीला तो माणूस तिथेच आवडला.

परेशला नऊ टिपर हवे होते. नऊ मेजे, प्रत्येक मेजावर एक. त्याच्या काकाची गाडी खाणीवर होती, लहानपणी तो तिच्यात बसला होता. आपल्याकडे येणाऱ्या लोकांना गोव्यात समुद्र सोडून काय होते ते दिसू दे, असे तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. गाड्या अगदी खऱ्यासारख्या करा, धूळसुद्धा घाला, ती मात्र हाताला लागणार नाही अशी वार्निशखाली. अजून दोन गोष्टी होत्या. हौदा हाताने उचलला की वर व्हायला हवा आणि तिथेच थांबायला हवा. आणि हौद्याला आतून स्टीलचा पत्रा हवा, सांध्यात कुठे फट नको.

स्टील कशाला, हा प्रश्न बाबाजीच्या जिभेवर आला होता. पण हौदा उचलण्याची बिजागरी कशी करावी याचा विचार त्याच्या डोक्यात आधीच सुरू झाला होता, आणि त्या विचारात तो प्रश्न राहून गेला. राहून गेला असे तो पुढे लोकांना सांगायचा. स्वतःशी मात्र त्याला ठाऊक होते की त्याने तो राहू दिला.

नऊ टिपरना चौदा महिने लागले. बिजागऱ्या त्याने जुन्या चष्म्यांच्या काड्यांच्या वापरल्या. त्या चष्मेवाल्याकडून आणून उकळत्या पाण्यातून काढाव्या लागल्या, कारण त्यांवर माणसांच्या कानांचा मळ होता. प्रत्येक गाडी कुठल्या तरी खऱ्या गाडीवरून केली. एकीचा डावा दिवा फुटलेला, एकीच्या हौद्याचे मागचे फाळके दोरीने बांधलेले. सगळे पुरे झाल्यावर त्याने एका केसाचा कुंचला घेतला आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर, काचेखाली, नऊ नावे लिहिली. पहिले धाकूचे. ही नावे लिहायला कोणी सांगितले नव्हते. परेशने पाहिली, खूष झाला आणि गाड्या एकेक करून मऊ कापडात गुंडाळून घेऊन गेला.

हॉटेल नोव्हेंबरात उघडले. परेशने दोनदा फोन केला, जेवायला या म्हणून. बाबाजी बाहेर जेवत नाही, पण शीतलने शनिवारची सुट्टी घेतली आणि त्याला स्कूटरवर मागे बसवून मोरजीला नेले. त्याने घरच्या पाण्याची बाटली बरोबर घेतली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. आपले काम लोक बघतात कसे, हे बघण्याची त्याला आतून ओढ होती, आणि ते त्याने वाटेत शीतलला बोलूनही दाखवले, जे तो एरवी करत नाही.

दुपारची वेळ होती आणि सगळी मेजे भरलेली होती. दारातून आत शिरताच लसूण आणि लोण्याचा वास आला. पहिल्याच मेजावर चौघे जण बसले होते आणि त्यांच्यामध्ये टिपर उभा होता. हौद्यात लोण्यात परतलेली कोलंबी भरली होती. चौघांतल्या एकाने तोंडाने इंजिनाचा आवाज काढला आणि हौदा वर केला. कोलंबी घसरत ताटात पडली, मागून पिवळे लोणी ओघळले, मागच्या नंबरावरून, चाकांवरून, मेजावर. बाकीचे हसले. दुसरा मोबाइल धरून ते टिपत होता. तो म्हणाला, परत कर, परत कर. तेव्हा पहिल्याने सोललेल्या साली आणि डोकी हौद्यात भरली आणि पुन्हा हौदा उचलला.

बाबाजी पुढे गेला. पुढच्या मेजावरच्या टिपरच्या कॅबिनमध्ये, काच नव्हती त्या खिडकीतून, कोणीतरी तोंड पुसलेला कागद कोंबला होता. त्याच्या पुढच्यावर लिंबाची चोथा झालेली फोड बोनेटवर चिकटली होती. एका बाईने बोलता बोलता बोटे चाटली आणि राहिलेला चिकटा हौद्याच्या कडेला पुसला. कोपऱ्यातल्या मेजावरची माणसे उठून गेली होती. तिथल्या टिपरच्या पायरीवर सिगारेट विझवली होती आणि वार्निश वितळून फोड आला होता. ड्रायव्हरच्या दारावर लाल मसाला वाळला होता. दोन अक्षरांतले पहिले त्याखाली गेले होते, नुसता कू दिसत होता.

बाबाजी सरळ मागच्या बाजूला हात धुवायच्या जागी गेला आणि तिथे त्याला उलटी झाली.

शीतलने त्याला बाहेरच्या बाकावर बसवले. परेश धावत आला, पाणी घेऊन, मग लिंबू-सरबत घेऊन. बाबाजीने दोन्ही घेतले नाही. आपल्या बाटलीतले पाणी प्याला. मग त्याने विचारले,

“हे तुला आधीपासून ठाऊक होते?”

“बाबाजीबाब, स्टीलचा पत्रा मी दुसऱ्या कशाला सांगितला असता?”

परेश हे उर्मटपणे बोलला नाही. तो खरोखरच बुचकळ्यात पडला होता. त्याने समजावून सांगितले की हीच डिश लोकांना सगळ्यात आवडते, लोक गाडीविषयी विचारतात, ही नावे कोणाची म्हणून विचारतात, आणि आपण त्यांना खाणींविषयी सांगतो. नुसती काचेत ठेवली असती तर कोणी ढुंकून बघितले नसते. गाड्या रोज धुतो, असेही तो म्हणाला.

बाबाजी म्हणाला की गाड्या तुझ्या. मी विकल्या, तू घेतल्यास, त्यात मी बोलणारा कोण. पण नावे मी विकली नव्हती.

तो उठला नाही. लोकांची जेवणे होईपर्यंत, साडेतीन वाजेपर्यंत, त्या बाकावर बसून राहिला. शीतलने दोनदा म्हटले, पपा, चला. तो हलला नाही. शेवटचे गिऱ्हाईक गेल्यावर तो आत गेला, नऊही टिपर धुण्याच्या जागी आणवले आणि गरम पाणी आणि साबू मागितला. स्वतःच्या हाताने त्याने लोकांच्या तोंडातून निघालेल्या साली हौद्यांतून काढल्या, कॅबिनमधला भिजलेला कागद चिमटीने ओढून काढला, सांध्यांत थिजलेले लोणी काडीने उकरले. वेटर म्हणाला की द्या, मी धुतो, पण त्याने दिले नाही. दारे कोरडी पुसून झाल्यावर त्याने खिशातले बारीक पाते काढले आणि नावे खरवडली. नऊच्या नऊ. धाकूचे शेवटी. अक्षरांच्या जागी पांढुरके डाग राहिले.

परेश बाजूला उभा राहून बघत होता. त्याने अडवले नाही. एवढेच म्हणाला की त्या डागांवर आता हॉटेलच्या नावाचे स्टिकर लावावे लागतील.

परतताना बाबाजीने शीतलला स्कूटर धाकूच्या घराकडे घ्यायला सांगितली. धाकूची बायको भागीरथी अंगणात बसून सुपातले कुळीथ निवडत होती. बाबाजी सोप्यावर टेकला आणि त्याने घडले ते सगळे सांगितले. सांगताना आवाज चढला होता. माणसांनी काय काय केले, कसे केले, हे त्याने एकही तपशील न गाळता सांगितले. भागीरथीचे हात थांबले नव्हते. त्याचे संपल्यावर तिने विचारले,

“भावोजी, त्यांचे नाव तुम्ही तिथे घातले होते, ते मला कधी सांगितले?”

बाबाजी म्हणाला, मी तर मानाने घातले होते, वयनी. ती म्हणाली, मानाने घातले ते ठीक, पण पुसून टाकल्यावर सांगायला आलात, घालताना का नाही आलात? मग तीच म्हणाली की त्या नोकरीने त्यांची छाती खाल्ली. शेवटी उशा तीन-तीन ठेवून बसत, आडवे व्हायला येत नसे. थुंकी तांबडी यायची, ती रक्ताची की मातीची हे डॉक्टरलासुद्धा पहिल्यांदा कळले नाही. ते भांडे मी रोज धुतले.

बाबाजीने भीत भीत विचारले की एक टिपर तुमच्यासाठी करून देऊ का, घरात ठेवायला. धाकूचा होता तसाच.

“नको,” भागीरथी म्हणाली. “त्याच्यावरची धूळ कोण पुसणार? एकदा पुसली ती पुरे झाली.”

तिने शीतलच्या हाती केळ्यांची फणी दिली आणि दोघांना रस्त्यापर्यंत पोचवले. राग नव्हता तिला, आणि तेच बाबाजीला जास्त लागले.

घरी येऊन त्याने अंघोळ केली, मग पुन्हा केली. वास जाईना. लसणाचा वास तर नव्हताच. मसाल्याच्या डागाची किळस सोपी होती, ती दुसऱ्याची होती. ही वेगळी होती. धाकूचे नाव त्याने कोणाला विचारून लिहिले? परेशला काय हवे होते हे स्टीलच्या पत्र्यावरूनच कळण्याइतका तो शहाणा होता. त्याला बिजागरी करून दाखवायची होती, लोकांनी वाहवा म्हणायला हवे होते, आणि त्यासाठी नऊ माणसे त्याने मेजावर नेऊन ठेवली होती. पुढचे आठ दिवस तो जनेलाजवळच्या मेजाकडे गेला नाही. अर्धवट राहिलेली एक टॅक्सी तिथे चाकांवाचून पडून होती, तिच्यावर ज्योतीने कापड टाकले.

नवव्या दिवशी, रविवार उलटून सोमवारी सकाळी, काशिनाथ गांवस दारात उभा राहिला. काशिनाथ हा नऊ नावांतला एक. बावीस वर्षे दुसऱ्याच्या टिपरवर ड्रायव्हर होता, आता साखळीला जावयाकडे राहतो. तो उंबऱ्याच्या आत आला नाही. अंगणातूनच म्हणाला,

“बाबाज्या, माझे नाव का पुसलेस?”

बाबाजीने त्याला बसायला सांगितले. तो बसला नाही. उभ्यानेच सगळे बोलला. जावयाने फोनवर कुठेतरी त्या हॉटेलचे फोटो पाहिले होते. एका टिपरवर सासऱ्याचे नाव, तेही त्याच अक्षरात, खऱ्या गाडीवर होते तसे. मग काशिनाथ एकटा बसने मोरजीला जाऊन बघून आला होता. वेटरने त्याचा गाडीजवळ फोटो काढला. तो त्याने गावात सगळ्यांना दाखवला. काल मुलगी, जावई, व्याही, विहीण, सगळ्यांना दोन रिक्षा करून घेऊन गेला, तर दारावर नाव नाही, स्टिकर. विहिणीसमोर तोंड कुठे लपवू असे झाले.

बाबाजी म्हणाला, “त्या हौद्यात लोक कोलंबीच्या साली टाकतात रे. उष्टे टाकतात. मी डोळ्यांनी बघितले.”

“टाकू देत. मी काय हौद्यात फुले भरून न्यायचो? बावीस वर्षे चिखलच वाहिला मरे. कपाळावर मालकाचा देव, कागदावर मालकाचे नाव. माझे म्हणून तेवढे एक बोटभर होते, ते भंगारवाल्याने कापले. आता कुठे परत दिसले होते, तर तू खरवडलेस.”

बाबाजीला यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते. त्या माणसांनी ते नाव वाचले नसेल, वाचले तरी त्याच हाताने तोंड पुसले असेल, हे त्याला सांगायचे होते. सांगितले नाही. भागीरथीचे सुपातले हात त्याला आठवत होते. त्याने फक्त विचारले, “नक्की घालू? नंतर म्हणशील, का घातले.”

“मी म्हणतो घाल.”

बाकीच्या सातांचेही मग त्याने विचारून घेतले. शीतलच्या स्कूटरवर बसून तो घरोघर गेला, जो हयात होता त्याला आणि जो नव्हता त्याच्या माणसांना विचारून आला. दोघांनी घाल म्हटले. एकाच्या मुलाला आपला बाप टिपर चालवायचा हे कोणाला कळायला नको होते. बाकीच्यांना काही वाटत नव्हते, तुला हवे तसे कर म्हणाले, आणि बाबाजीने त्याचा अर्थ नको असा घेतला.

पुढच्या मंगळवारी तो रंगाच्या डब्या आणि एका केसाचा कुंचला घेऊन मोरजीला गेला. हॉटेल अजून उघडायचे होते. परेशने मागचा विषय काढला नाही, त्याला एक मेज स्वच्छ पुसून दिले आणि त्यावर कोरा पांढरा कागद अंथरला. बाबाजीने तीन टिपर निवडले, स्टिकर सोलले, गोंदाचा चिकटा थिनरने काढला. वार्निश जिथे खरवडले होते तिथे तेल मुरले होते. रंग धरत नव्हता, कडा फुटत होत्या. काशिनाथच्या दारावर त्याला तीनदा पुसून तीनदा लिहावे लागले. नाकात लसणाचा वास बसला होता आणि तो तोंडाने श्वास घेत होता. स्वयंपाकघरातून एक जण दुपारची कोलंबी घेऊन आला आणि कागदाशेजारीच सोलायला बसला. बाबाजीने कागद स्वतःकडे ओढून घेतला आणि लिहीत राहिला.

रविवारी काशिनाथने पुन्हा सगळी माणसे नेली आणि बाबाजीलाही ओढून नेले. तो मेजाच्या टोकाला, आपल्या पाण्याच्या बाटलीशी बसला. समोर पालथी ठेवलेली ताटली त्याने सरळ केली नाही. टिपर भरून आला. काशिनाथने आधी विहिणीला दारावरचे नाव दाखवले. तिने चष्मा लावून ते मोठ्याने वाचले. मग काशिनाथने शर्टाची बाही वर केली आणि हौदा स्वतः उचलला, हळू, जसा जेटीवर मागे बघत उचलायचा तसा. कोलंबी ताटात घसरली. लोणी त्याच्या नावाच्या खालून ओघळत गेले.

बाबाजीने नजर दुसरीकडे वळवली, आणि मग पुन्हा टिपरकडे बघितले, कारण हौदा अर्ध्यावर आल्यावर किंचित अडकला होता. लोणी बिजागरीत थिजले होते. तो उठला आणि परेशला शोधून सांगून आला की नुसत्या थंड पाण्याने धुवून भागायचे नाही, रोज बंद करताना उकळते पाणी ओतायला लाव. आणि परत येऊन बाटलीतले दोन घोट पाणी प्याला.